मानसिक आजारांचं जनुकीय संशोधन आणि आपला बेळगाव-खानापूर-निपाणी पट्टा: आपली माणसं त्यात यायची तर नेमकं काय करावं लागेल?

मलप्रभाकाठ (धागालेखक)

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र नैराश्य या आजारांच्या जनुकीय अभ्यासात आपल्या भागातली माणसं जवळजवळ नाहीतच. यावर इथे अधूनमधून बोलणं होतं आणि 'सरकारनं लक्ष घालावं' इथवर येऊन थांबतं. हा धागा प्रत्यक्ष कामासाठी आहे. ज्यांनी वॉर्डात, प्रयोगशाळेत, आकडेवारीत किंवा नैतिकता समितीत काम केलंय त्यांनी तपशिलात लिहावं ही विनंती.

पार्श्वभूमी थोडक्यात. संपूर्ण जनुकसंच चाळून आजाराशी जोडलेल्या जागा शोधणाऱ्या अभ्यासांत (पुढे 'जीवास' म्हणतो) २००९ साली सहभागी झालेल्यांपैकी ९६ टक्के युरोपीय वंशाचे होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ८१ टक्क्यांवर आलं. त्यातली बरीचशी भर पूर्व आशियातून पडली, आपल्याकडून नाही. २०२२ च्या स्किझोफ्रेनियाच्या मोठ्या अभ्यासात ७६,७५५ रुग्ण होते आणि २८७ जागा सापडल्या. त्यात युरोपीय, पूर्व आशियाई, आफ्रिकन-अमेरिकन आणि लॅटिनो असे गट आहेत. दक्षिण आशियाचा वेगळा गट नाही.

संदर्भासाठी जो '१००० जीनोम' संच सगळे वापरतात, त्यात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ब्रिटनमधले श्रीलंकन तमिळ आणि ब्रिटनमधलेच तेलुगू. मराठी नाहीत, कन्नडही नाहीत.

जीनोमइंडियाने ८३ समाजगटांतल्या सुमारे १०,००० लोकांचे जनुकसंच वाचले. ती माहिती फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवली आहे. ही मोठी सोय झाली. खरं ते निरोगी माणसांचे नमुने आहेत, मनोविकाराचं निदान त्यात नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण (२०१५-१६) १२ राज्यांत झालं, त्यात कर्नाटकही नव्हतं आणि महाराष्ट्रही नव्हता. सीमेच्या दोन्ही बाजूंनी आपण मोजणीबाहेर राहिलो.

प्रश्न असा: बेळगाव जिल्ह्यात असा अभ्यास उभा करायचा तर पहिली वीट कुठली?

---

संख्यावाचक

पहिली वीट रुग्ण नव्हेत, जोडीचे निरोगी लोक. या भागातले अभ्यास इथेच बिघडतात, म्हणून यावर सविस्तर लिहितो.

नेहमीचा सोपा मार्ग असा असतो: रुग्ण धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेतून घ्यायचे आणि निरोगी लोक बेळगावच्या एखाद्या कॉलेजातून किंवा रक्तदान शिबिरातून. आता बघा, धारवाडला येणारे रुग्ण सौंदत्ती, रामदुर्ग, बैलहोंगल, खानापूरच्या जंगलपट्ट्यातून येतात. कॉलेजातली मुलं शहरातली मराठा, लिंगायत, जैन, ब्राह्मण घरातली जास्त. आपल्याकडे शेकडो वर्षं लग्नं जातीत आणि पोटजातीत होत आल्यामुळे प्रत्येक समाजात काही जनुकीय रूपं जास्त आणि काही कमी असतात. म्हणजे समाजासमाजांतला फरकच 'आजाराचं जनुक' म्हणून वर येतो. निकाल एकदम ठळक, आकडे देखणे आणि निष्कर्ष साफ चुकीचा.

यावर पीसीए (वंशातले मुख्य फरक वेगळे काढायची गणिती पद्धत) वापरून दुरुस्ती करतात. ती थोडीफार चालते. पण एखादा समाज फक्त रुग्णांत असेल आणि निरोगी लोकांत एकही नसेल, तर दुरुस्तीला तुलनाच उरत नाही. गणित तिथं काही करू शकत नाही, ते नमुने गोळा करतानाच सांभाळावं लागतं.

म्हणून नियम असा ठेवावा: प्रत्येक रुग्णामागे निदान एक निरोगी व्यक्ती, त्याच तालुक्यातली, त्याच समाजाची, घरी तीच भाषा बोलणारी, तेच लिंग आणि वयानं जवळची. एक अपवाद आहे: स्किझोफ्रेनिया बहुधा १८ ते ३० या वयात सुरू होतो, म्हणून विशीतल्या निरोगी मुलाला 'निरोगी' म्हणणं घाईचं ठरतं. रुग्ण तरुण असला तरी जोडीचा माणूस पस्तिशीपुढचा घेतला तर बरं. ही माणसं तालुका रुग्णालयाच्या डोळ्यांच्या आणि हाडांच्या ओपीडीत मिळतात, किंवा दुसऱ्याच रुग्णासोबत आलेले नातेवाईक.

पाश्चात्य अभ्यासांत रुग्णाचा नवरा किंवा बायको चांगला 'निरोगी' नमुना मानतात, कारण घर तेच आणि रक्त वेगळं. आपल्याकडे तसं धरून चालू नये. बायको मामाची मुलगी असते, काही कन्नड समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. मामेबहीण-आतेभाऊ लग्नातल्या अपत्याचा अंतःप्रजनन गुणांक (आईवडिलांकडून एकाच पूर्वजाचं तेच जनुक मिळण्याची शक्यता) १/१६, मामा-भाचीच्या लग्नात १/८. हे आधी विचारलं नाही तर पुढे विश्लेषणात कळतं, आणि तेव्हा नमुना वाया गेलेला असतो.

---

उचगावचा

संख्यावाचक सर, पण एका जिल्ह्यातून एवढे रुग्ण मिळतील का? जीवासला तर हजारो लागतात म्हणे.

---

संख्यावाचक

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४७.८ लाख होती. प्रौढ ३० लाख धरले आणि राष्ट्रीय सर्वेक्षणातला सध्याच्या सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटणं) सुमारे ०.४ टक्के दर लावला, तर १२ हजारांच्या आसपास माणसं होतात. त्यातले बहुतेक उपचारापर्यंत पोहोचलेलेच नाहीत. म्हणजे दवाखान्यात बसून वाट पाहिली तर दोनेक हजार जमायलाही वर्षं लागतील.

त्यामुळे एकट्या बेळगावचा स्वतंत्र जीवास करण्यात अर्थ नाही. चेन्नईच्या स्कार्फ संस्थेच्या नमुन्यांवरचा भारतीय जीवास २०१९ मध्ये आला. त्यात ३,०९२ जण होते आणि आठव्या गुणसूत्रावर नियासिनच्या चयापचयाशी जोडलेली जागा दिसली. काम मोलाचं आहे, पण जीवाससाठी ही संख्या लहानच. आपण दोन गोष्टी कराव्यात. एक, प्रश्नावली आणि नमुना घेण्याची पद्धत आधीपासून चालू असलेल्या भारतीय अभ्यासांशी जुळती ठेवायची, म्हणजे पुढे आकडे एकत्र करता येतात. दुसरं, एकाच घरात दोन-तीन रुग्ण असलेली कुटुंबं घ्यायची. निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संशोधन संस्थांचा बेंगळूरचा प्रकल्प याच वाटेनं गेला आहे. २०१७ च्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गट मोजक्या पूर्वजांपासून वाढलेले आढळले, फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळकपणे. अशा गटांत दुर्मीळ पण जोरकस रूपं कुटुंबांतून शोधणं सोपं जातं, कमी माणसांतही.

---

कणकुंबी

समाजाची नोंद कशी करायची ते लिहिते, कारण अर्जावर 'जात: ______' एवढाच रकाना ठेवला की काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं.

आडनावावरून काहीही ठरवू नये. 'पाटील' मराठा असतात, लिंगायत असतात, जैनही असतात. 'नाईक' चार समाजांत सापडतात. 'मराठी बोलणारे' हाही जनुकीय गट नव्हे. विचारायचं ते असं: आई आणि वडील दोघांची जात आणि पोटजात वेगवेगळी, चारही आजी-आजोबांचं मूळ गाव, घरात म्हाताऱ्या माणसांशी कुठली भाषा बोलता, आणि घरातल्या मुली कुठल्या गावांत दिल्या, सुना कुठून आणल्या. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी पडतो. खानापूरच्या पश्चिम भागात सुना चंदगडच्या असतात, निपाणीत गडहिंग्लज-कागलच्या. राज्याची सीमा सोयरिकीत कुठेच दिसत नाही, तेव्हा अभ्यासाची हद्द जिल्ह्याच्या रेषेवर तोडली तर अर्धं गोत पलीकडे राहतं. कोल्हापूर बाजूचा एखादा दवाखाना सोबत घ्यायलाच हवा. मग दोन राज्यांतल्या दोन संस्थांच्या समित्यांची परवानगी लागते. तो वेळ आधीच धरून ठेवा.

आता सुटून जाणाऱ्या समाजांबद्दल. खानापूर, हल्याळ, यल्लापूर भागातले सिद्दी बांधव आफ्रिकी वंशाचे आहेत. २०११ च्या अभ्यासात त्यांच्या जनुकसंचातला आफ्रिकी वाटा बहुतेकांत निम्म्याहून अधिक आढळला. त्यांच्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन तिन्ही आहेत आणि कोकणी, मराठी, कन्नड, उर्दू अशा भाषा घरपरत्वे बदलतात. जंगलातले धनगर-गवळी मराठी बोलतात, वस्त्या लहान, लग्नं मोजक्या वस्त्यांत. लमाणी तांडे, बेरड, कैकाडी, होलेय, मादिग. 'बेळगावचा नमुना' म्हणून शहराजवळचे तीनशे लोक घेतले तर यांतलं कोणीही त्यात नसतं, पण अहवालात 'उत्तर कर्नाटक' असं छापलं जातं.

प्रत्येक समाजातले थोडे थोडे घेऊन 'सगळे आले' म्हणणंही फसवंच. दहा सिद्दी आणि बारा गवळी यांवरून आकडेवारीत काही हाती लागत नाही, उलट विश्लेषणात 'वेगळे पडतात' म्हणून त्यांनाच काढून टाकतात. लहान समाज घ्यायचा तर पुरेसे घ्या, जोडीचे निरोगी लोकही त्याच समाजातले घ्या. नाहीतर त्या समाजाचं रक्त काढण्याचा आपल्याला अधिकार पोहोचत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

मनोवैद्य

कणकुंबीताईंना पूर्ण अनुमोदन. निदानाबद्दल लिहितो. जनुकं कितीही नीट वाचली तरी निदान ढिसाळ असेल तर सगळं पाण्यात.

कार्डावर 'सायकोसिस' लिहिलंय म्हणून रुग्ण घेऊ नये. प्रशिक्षित माणसानं ठरावीक मुलाखत (मिनी किंवा स्किड) घ्यावी, नातेवाईकाकडून वेगळी माहिती घ्यावी, जुने कागद बघावेत आणि शंका असलेल्या केसेस दोन मनोविकारतज्ज्ञांनी एकमेकांशी न बोलता तपासाव्यात. फिट्स, मेंदूतला टेपवर्म, थायरॉइड, दारू थांबवल्यावरचा भ्रम, प्रसूतीनंतरचा संसर्ग हे आधी वगळायचं. आपल्या भागात मेंदूतला टेपवर्म दुर्मीळ नाही. नव्यानं फिट आणि भ्रम दोन्ही सुरू झाले असतील तर स्कॅनशिवाय नाव नोंदवू नये.

अंगात येणं हा वेगळा मुद्दा. पौर्णिमेला, सौंदत्तीच्या डोंगरावर किंवा गावच्या जत्रेत, ढोल-हलगीच्या तालावर अंगात येतं, अर्ध्या-एक तासात उतरतं, दुसऱ्या दिवशी बाई कामाला जाते. हा आजार नव्हे आणि निदानाच्या नियमावल्याही तसंच सांगतात. मुलाखतीत 'तुमच्या शरीरावर दुसऱ्या कुणाचा ताबा आहे असं वाटतं का?' हा प्रश्न आला की शिकाऊ मुलाखतकार लगेच 'हो' वर खूण करतो. पुढचे प्रश्न विचारायलाच हवेत: हे विधीबाहेर होतं का? नको असताना होतं का? घरच्यांना ते नेहमीचं वाटतं की बिघाड वाटतो? झोप, जेवण, काम बिघडलं का? या चार उत्तरांशिवाय ती खूण मोजू नये. उलट बाजूही तेवढीच खरी. 'देवाचं आहे' म्हणून खऱ्या सायकोसिसचे रुग्ण दोन-दोन वर्षं दवाखान्यात येत नाहीत.

नैराश्यात आणखी काळजी लागते. आपल्याकडची बाई 'मन उदास आहे' असं सहसा सांगत नाही. डोकं जड, अंगात आग, छातीत धडधड, जीव कशात रमत नाही, असं सांगते. पीएचक्यू-९ वर (नैराश्याची नऊ प्रश्नांची छोटी यादी) भागवलं तर सौम्य दुःख आणि वारंवार येणारं तीव्र नैराश्य एकाच पोत्यात जातं. चीनच्या कन्व्हर्ज अभ्यासानं (२०१५) फक्त हान समाजातल्या, वारंवार नैराश्य येणाऱ्या ५,३०३ स्त्रिया आणि ५,३३७ निरोगी स्त्रिया घेतल्या. निवड इतकी काटेकोर होती म्हणून तेवढ्याच संख्येत दोन जागा सापडल्या. आपण यातून शिकावं.

प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हीत हवी, आणि मराठी पुण्याची नको. निपाणीच्या बाजारात दहा माणसांना वाचून दाखवा, 'यातून तुम्हाला काय समजलं' ते सांगायला लावा, मग छापा.

---

उचगावचा

डॉक्टर, एक सरळ प्रश्न. 'जनुकीय' म्हटलं की गावात अर्थ एकच निघतो, घराण्यात डाग आहे. मुलीची सोयरीक मोडते. वरनं या अभ्यासातून रुग्णाला लगेच काही मिळणारही नाही. मग लोकांनी रक्त का द्यावं?

---

साक्षीदार

हा प्रश्न कोणत्याही संमतीपत्राच्या पहिल्या पानावर असायला हवा, इतका योग्य आहे.

अमेरिकेतल्या हवासुपाई समाजानं १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाला रक्त दिलं. तेच नमुने पुढे स्किझोफ्रेनिया, अंतःप्रजनन आणि स्थलांतराच्या अभ्यासात वापरले गेले. समाज कोर्टात गेला. २०१० मध्ये तडजोड झाली, भरपाई द्यावी लागली आणि उरलेले नमुने परत करावे लागले. आपल्या भागात तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आठवण अजून घराघरांत आहे. हुबळी, विजापूर, सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहती होत्या. जन्मावरून माणूस कसा आहे ते ठरवणारा तो कायदा होता. त्या समाजांसमोर 'तुमच्या रक्तात आजार शोधतो' असं म्हणत गेलं तर दार बंद होणारच, आणि ते बंद होणं योग्यच आहे.

म्हणून काय लिहायचं ते ठरवून घ्यावं. हे रक्त फक्त मनोविकारांच्या अभ्यासासाठी की इतर आजारांसाठीही, यासाठी दोन स्वतंत्र चौकोन. नमुना परदेशी जाणार का. जाणार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते, ती आधी मिळवायची. समाजाचं मूळ आणि स्थलांतर यांचा अभ्यास करणार नाही, किंवा करायचा तर वेगळी संमती घेऊ. अहवालात गावाचं नाव येणार नाही, फक्त तालुका; आणि समाज लहान असेल तर तालुकाही नाही. 'खानापूर तालुक्यातलं सिद्दी कुटुंब, तीन भाऊ आजारी' एवढ्यावरून सगळ्या वस्तीला घर कळतं. वंशावळीचा आराखडा छापताना भावंडांचा क्रम आणि लिंग बदलून छापायची पद्धत आहे, ती पाळावी.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९९ नुसार संशोधनासाठी रुग्णाची स्वतःची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती लागते. जो संमती देण्याच्या अवस्थेत नाही त्याच्यासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या परवानगीची तरतूद आहे, पण जनुकीय अभ्यासाला तिची गरज पडू देऊ नये. रक्त आज घेतलं काय आणि तीन महिन्यांनी घेतलं काय, जनुकं तीच राहतात. माणूस बरा होईपर्यंत थांबा. घरच्यांची सही रुग्णाच्या सहीची जागा घेत नाही.

आफ्रिकेतल्या न्यूरोगॅप या मनोविकारांच्या जनुकीय अभ्यासात (इथिओपिया, केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिका) संमतीआधी समज तपासणारी छोटी प्रश्नावली वापरली. तसं इथे तोंडी विचारावं: हे औषध आहे का? नाही म्हणालात तर तुमच्या गोळ्या बंद होतील का? रक्त कुठं ठेवणार? निकाल तुम्हाला कळणार का? मधेच सोडता येतं का? दोनदा समजावूनही उत्तरं चुकली तर नाव घेऊ नये, चहा देऊन निरोप द्यावा. निरक्षर असेल तर अंगठा, आणि साक्षीदार दवाखान्यातला नको. आशाताईसुद्धा नको, कारण गोळ्या त्याच पोचवतात आणि लोकांना नाही म्हणणं जड जातं.

---

मनोवैद्य

उचगावचा यांच्या प्रश्नाचा दुसरा भाग 'मिळणार काय'. सहभागी होणाऱ्याला जोखमीचा आकडा अजिबात देऊ नये. बहुजनुकीय गुणांक (अनेक जनुकीय रूपांची बेरीज करून काढलेला जोखमीचा आकडा) युरोपीय लोकांवर बेतलेले आहेत. २०१९ च्या विश्लेषणात त्यांची अचूकता पूर्व आशियाईंत सुमारे निम्मी आणि आफ्रिकी वंशात चौथाईच्याही खाली आली होती. युरोपातही एका माणसाला आजार होईल की नाही हे त्यावरून सांगता येत नाही. लग्नाआधी 'जनुक तपासून घ्या' म्हणणारी जाहिरात दिसली तर दुर्लक्ष करा.

औषधांच्या बाजूनं मात्र आजच हाती लागण्यासारख्या गोष्टी आहेत, आणि त्या समाजागणिक वेगळ्या आहेत. अभ्यासात सगळे समाज का हवेत, याचं सगळ्यात भक्कम कारण हेच.

स्किझोफ्रेनियाच्या क्लोझापिन या औषधाचं उदाहरण बघा. पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजतात आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) १,५०० च्या खाली असतील तर औषध सुरूच करत नाहीत. आफ्रिकी वंशाच्या बऱ्याच लोकांत डफी-नल नावाचं जनुकीय रूप असतं. त्यांच्यात न्यूट्रोफिल मुळातच कमी असतात, पण त्यांना संसर्ग जास्त होत नाही. अशांसाठी सुरुवातीची मर्यादा १,००० धरतात. सिद्दी रुग्णाला 'रक्त कमी पडतंय' म्हणून क्लोझापिन नाकारण्याआधी ही तपासणी व्हायला हवी.

दुसरं, आर्य वैश्य समाज. यांच्यात ब्युटिरिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) कमी असण्याचं रूप जास्त आढळतं. ईसीटी (विजेच्या झटक्याचा उपचार) देताना स्नायू सैल करायला सक्सिनिलकोलीन देतात, त्याचा परिणाम पाच-दहा मिनिटांत उतरतो. हे विकर नसेल तर तासन् तास श्वासाचे स्नायू हलत नाहीत. आधी साधी स्युडोकोलिनेस्टरेजची (याच विकराचं दुसरं नाव) रक्ततपासणी केली की धोका कळतो. ईसीटीच्या अर्जावर हा एक प्रश्न छापायला काय हरकत आहे?

कार्बामाझेपिन हे औषध आणि एचएलए-बी १५:०२ हे जनुकीय रूप (दोन्ही एकत्र आली तर त्वचा सोलवटणारी भयंकर अ‍ॅलर्जी) हा संबंध २००४ मध्ये हान चिनी लोकांत सापडला. एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्याचं औषध ज्या विकरानं पचतं त्या सीवायपी२सी१९ चं निष्क्रिय रूप दक्षिण आशियात बरंच जास्त आहे, जनुकाच्या सुमारे एक-तृतीयांश प्रतींत. नेहमीच्या डोसलाच त्रास झाला तर 'सहन होत नाही' म्हणून गोळी बंद करण्याआधी डोस निम्मा करून बघावा.

---

जांभळी_बाटली

प्रयोगशाळेकडून. रक्त ५ मिली, जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी. घेतल्यावर ८-१० वेळा हळू उलटी-सुलटी करायची, हलवायची नाही. हिरव्या झाकणाची हेपरिनची नळी चुकूनही नको, हेपरिन पुढे पीसीआर अडवतं. बर्फाची पिशवी नळीला थेट टेकवू नका, मध्ये पुठ्ठा हवा, नाहीतर पेशी फुटतात. खानापूरहून संध्याकाळी येणारी पेटी रात्रभर ४ अंशावर चालते, काही दिवसही चालते. पण फ्रीझरमध्ये टाकून काढून परत टाकणं टाळा. साधी लेबलं उणे ८० मध्ये गळून पडतात, फ्रीझरचीच लेबलं वापरा. नळीवर नाव नको, फक्त बारकोड. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून दोन वेगळ्या इमारतींत ठेवा, वीज जातेच.

१ मिली रक्तातून साधारण २० ते ४० मायक्रोग्रॅम डीएनए मिळतो. जनुकीय रूपं वाचणाऱ्या चिपला २०० नॅनोग्रॅम पुरतो, तेव्हा 'जास्त रक्त काढतात' ही भीती लोकांना मोजून दाखवता येते: ५ मिली म्हणजे एक चहाचा चमचा.

लाळ घेणं सोपं वाटतं, पण आपल्या भागात तिच्या अडचणी फार. निपाणी पट्ट्यात तंबाखू, गुटखा, आणि बायकांत मिशेरी. तोंडात ते असताना घेतलेल्या लाळेतून डीएनए गढूळ आणि कमी येतो. चूळ भरून ३० मिनिटं काही न खाता-पिता थांबायचं, मग २ मिलीच्या रेषेपर्यंत, फेस सोडून. शिवाय बऱ्याच रुग्णांना ट्रायहेक्सिफेनिडिल या गोळीमुळे तोंडाला कोरड असते, अर्ध्या तासातही रेष गाठत नाही. लाळेत जिवाणूंचा डीएनएही असतो, म्हणून नुसता २६०/२८० हा शुद्धतेचा आकडा १.८ आला म्हणून खूश होऊ नका, त्यात माणसाचा डीएनए किती ते क्यूपीसीआरनं मोजा. माझी शिफारस रक्ताचीच. क्लोझापिनवाल्यांची तर सुरुवातीला दर आठवड्याची सुई असतेच, संमती असेल तर त्याच वेळी घ्या, दुसरी टोचणी नको.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: ९६ खणांच्या प्लेटमध्ये रुग्ण आणि निरोगी, मराठी आणि कन्नड, सगळे मिसळून लावा. रुग्ण एका प्लेटवर आणि निरोगी दुसऱ्या प्लेटवर लावले तर प्लेटचा फरक आजाराचा फरक म्हणून दिसतो. प्रत्येक प्लेटवर एक-दोन नमुने दुबार ठेवा. अर्जावरचं लिंग आणि गुणसूत्रावरचं लिंग जुळत नसेल तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे असं समजून सबंध रांग तपासा.

---

संख्यावाचक

जांभळी_बाटली, प्लेटचं लिहिलंत ते फार बरं केलंत.

विश्लेषण करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नेहमीच्या पद्धतीत जवळच्या नातेवाइकांच्या जोडीतला एक जण काढून टाकतात. गवळी वस्तीवर हा नियम लावला तर निम्मा नमुना जाईल. त्याऐवजी नातं गणितात धरणाऱ्या पद्धती वापरा (सेज, रेजेनी ही सॉफ्टवेअर). दुसरं, हार्डी-वाइनबर्गची चाळणी (जनुकीय रूपांचं प्रमाण अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं की ती जागा गाळणारी तपासणी) सगळे समाज एकत्र करून लावू नका. जातीत लग्नं होणाऱ्या लोकसंख्येत चांगल्या जागाही त्या चाळणीत पडतात. समाज वेगळे करून, निरोगी लोकांत तपासा. गाळलेले नमुने कुठल्या समाजाचे होते याचा तक्ता अहवालात छापावाच, म्हणजे कोण वगळलं गेलं ते दिसतं.

---

मलप्रभाकाठ (धागालेखक)

कणकुंबीताई, गावात जायचं कधी? आणि पैसे द्यायचे का?

---

कणकुंबी

जून ते सप्टेंबर खानापूरच्या घाटाकडच्या वस्त्या सोडून द्या, ओढे भरले की रस्ता बंद. ऊसतोड सुरू झाली की अथणी, रायबाग, चिकोडीकडे माणूस दिवसा घरी सापडत नाही, संध्याकाळी जावं लागतं. तालुका रुग्णालयातली मंगळवारची मनोचैतन्य (मानसिक आजारांची सरकारी) ओपीडी हा सगळ्यात चांगला दिवस, रुग्ण आणि नातेवाईक दोघं येतात. मात्र संशोधनाची खोली वेगळी हवी आणि डॉक्टरांनी तपासून गोळ्या दिल्यानंतरच तिकडं पाठवायचं, आधी नाही. आधी पाठवलं की 'रक्त दिलं तरच गोळ्या' असा समज एका आठवड्यात तालुकाभर होतो.

पैसे म्हणजे बसभाडं, जेवण आणि बुडालेली रोजची मजुरी. रुग्णाला आणि निरोगी व्यक्तीला सारखीच रक्कम, रोख, त्याच दिवशी. बक्षीस वाटावं एवढी मोठी नको, समिती ती नाकारेल आणि नाकारायलाच हवी. सोबत आलेल्याचंही भाडं द्या, कारण रुग्ण एकटा येत नाही.

सिद्दी आणि गवळी वस्त्यांत आधी पंचांशी बैठक, मग घरोघरी. पंचांचा होकार म्हणजे घराचा होकार नव्हे, हे पंचांसमोरच सांगायचं. आणि निष्कर्ष आले की छापण्याआधी त्याच वस्तीत वाचून दाखवायचे, त्यांच्या भाषेत. समाजाचं नाव छापायचं की नाही हे त्यांना तिथं विचारायचं.

---

उचगावचा

आणि समजा कुणी तीन वर्षांनी म्हणाला, माझं रक्त काढून टाका?

---

साक्षीदार

उरलेला नमुना नष्ट करायचा आणि तसं लेखी कळवायचं. छापून झालेल्या एकत्रित आकड्यांतून त्याचा वाटा वेगळा काढता येत नाही, हे संमतीपत्रात आधीच लिहिलेलं असावं. संपर्कासाठी संशोधकाचा मोबाइल पुरेसा नाही, तो बदलतो. समितीच्या कार्यालयाचा पत्ता आणि नंबर मराठी-कन्नड दोन्हीत छापलेलं कार्ड प्रत्येकाच्या हातात द्यावं, आणि त्यावर त्याचा बारकोड क्रमांक असावा. नाव न सांगताही त्याला बाहेर पडता आलं पाहिजे.